उसना गळा

"हौसे, आज माझं तू गा."

मालू हे म्हणाली तेव्हा आम्ही दोघी तानूआत्याच्या खाचराच्या बांधावर प्लास्टिकच्या कागदाची खोळ डोक्यावर घेऊन उभ्या होतो. सकाळचे आठ वाजले असतील. पाऊस असा लागला होता की समोरचा डोंगर जागेवर आहे का कुणी उचलून नेला, कळत नव्हतं. बाकीच्या बाया तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, पेंड्या चिखलात फेकत होत्या. मला वाटलं, ही थट्टा करतेय. लावणीत गाणं मालूनं उचलायचं आणि आम्ही अकराजणींनी झेलायचं, हे हेळेवाडीत वर्षानुवर्षं ठरलेलं.

"का? तुझ्या गळ्याला काय झालं?"

"गळ्याला काय न्हाई. वारंच पुरंना झालंया. वरच्या वर येतंय आन् वरच्या वर जातंय."

"मग बस जा की बांधावर."

"बसले की माझी सासू बघंल, तानूआत्या बघंल. तू माझ्या अंगाला लागून उभी ऱ्हा. मी नुसतं तोंड हलवते, तू गा. तुला येतोय की माझा आवाज काढाय."

येत होता, हे खरं. मला देवानं रूप दिलं नाही, पण नक्कल दिली. तलाठ्याची, गुरवाची, माझ्या सासूची, सगळ्यांची नक्कल करायची मी. मालूचा आवाज तर असा काढायची की तिची रूपा पाळण्यातनं माझ्याकडं बघून दूध मागायची. बाया हसून हसून लोळायच्या. ही माझी मोठी करामत. तिचा कधी कुणाला काही उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं.

आता तुम्हाला वाटेल, बाईला बरं नाही तर तिनं घरी बसावं, त्यात लपवायचं काय? तर पैरा म्हणजे काय ते आधी सांगते. आमच्याकडं डोंगराच्या पोटाला एवढीएवढी खाचरं. लावणीचे दिवस मोजके. तरवा एकदा उपटला की त्याला वाट बघायला लावता येत नाही, पिवळा पडतो. म्हणून बारा घरच्या बारा बाया मिळून आज हिचं, उद्या तिचं असं करत सगळ्यांचं लावून काढायच्या. मी तुझ्या रानात आले, आता तू माझ्या रानात ये, हा पैरा. त्यात हात बघून माप. धडधाकट बाई म्हणजे पुरा हात. म्हातारी, आजारी, दिवस भरत आलेली म्हणजे अर्धा हात. ज्या घरनं अर्धा हात आला, त्या घरच्या रानात बाकीच्यांनी अर्धाच दिवस यायचं. ज्या घरानं आजारी बाई पुरी म्हणून उतरवली, त्यानं खोटा पैरा दिला. त्याच्या बांधावर पुन्हा कुणी पाय ठेवत नसे.

आणि हात पुरा का अर्धा, हे ठरवायचं कशावरून? आवाजावरून. लावण करताना बाई वाकलेली, तोंड चिखलाकडं, खोळ डोक्यावर. ना चेहरा दिसतो ना अंग. तानूआत्या सगळ्यांत जुनी, ती बांधावर बसून कान लावायची. गाण्याच्या ठेक्यावर हात चालतात. जिचा आवाज ओळीत ऐकू येतो ती धड. जिचा गळला, तिला आत्या वर बोलवायची. "गळा गेला तिथं हात गेला," म्हणायची. तिचं फारसं चुकतही नसे.

मालूच्या घरात हात एकच, तिचा. नवरा शिवाप्पा इचलकरंजीत मागावर. तो दिवाळीला आणि गणपतीला यायचा. सासू बाळाबाई गुडघ्यानं अधू, आणि रूपा चार वर्षांची. मालूची दोन खाचरं, वर्षाचा भात तेवढ्यावरच. उद्या तिच्या रानाची पाळी होती. तरवा तिनं आदल्या दिवशीच उपटून, पेंड्या बांधून ओहोळाच्या पाण्यात लावून ठेवला होता. उद्या बाराजणी पुरा दिवस आल्या तर रान लागणार. अर्धा दिवस आल्या तर खालचं खाचर मोकळं राहणार, आणि माघापासनं घरात चूल पेटायची ती कशावर, हा प्रश्न.

"गोळी घेतलीस?" मी हळूच विचारलं.

"न्हाई."

"मालू."

"त्या गोळीनं तासातासाला बसाय जावं लागतंय गं. धा पावलं लावली की पळ बांधाच्या आड. ओळ मोडती. काल आत्यानं दोनदा विचारलं, पोरी, पोट बिघडलंय का? उद्या माझं रान लागू दे. परवापासनं दोन दोन गिळते."

त्या गोळ्या माझ्याकडं असायच्या. दोन महिन्यांमागं मी तिला कोल्हापूरला नेलं होतं, बाजाराचं निमित्त करून. तिथल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. लहानपणी सांधे धरले होते का, विचारलं. धरले होते, अकरा वर्षांची असताना. तेव्हापासनं काळजातली एक झडप आवळत आलीय, म्हणाले. वाकून काम नको, ओझं नको, दम लागेल असं काहीच नको. ऑपरेशनला पुण्या-मुंबईला जावं लागेल. तोवर या गोळ्या, छातीत पाणी साठतं ते लघवीवाटे जायला. एक दिवससुद्धा चुकवायची नाही. मालूनं मान डोलावली. एसटीत बसल्यावर म्हणाली, "लावण झाल्यावर बघू." मी चौथीपर्यंत शिकलेली. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते तिनं मला विचारलं नाही आणि मीही वाचून दाखवलं नाही. गोळ्या घरी सासूच्या हाती लागतील म्हणून त्या माझ्या चंचीत राहायच्या, पान-सुपारीच्या जोडीला. रोज सकाळी पाणवठ्यावर मी तिला एक द्यायची. लावण सुरू झाली तशी तिनं हात पुढं करणं सोडलं होतं.

"रूपाची आण हाय तुला," ती म्हणाली. "कुणाफुडं एक शब्द काढलास तर."

"पोरीची आण घालतीस, वेडे?"

"घातली. आता गा."

आम्ही खाचरात उतरलो. मी तिच्या डाव्या अंगाला, खांद्याला खांदा. तानूआत्यानं बांधावरनं हाक दिली, "उचला गं!" मी खाली बघितलं, मालूच्या चिखलातल्या हाताकडं बघितलं, आणि तिच्या आवाजात उचललं.

पहिलं माझं रोप, चिखलाच्या हाती दिलं
माहेराचं नाव, पाण्यामंदी लिहिलं

अकरा नव्हे, दहाच गळ्यांनी झेललं. कुणाच्या काही ध्यानात आलं नाही. हौसाचा आवाज ओळीत आहे का नाही, याची पंचाईत कोण करणार? माझा गळा कधी कुणी मोजलाच नव्हता. मालूचा ऐकू येत होता तेवढं बास होतं.

लावण मागं मागं सरत करायची असते. लावलेलं रान पुढ्यात राहतं आणि आपण पाठीकडं जातो. मी गात होते, मालू तोंड हलवत होती आणि रोपं खुपसत होती. तिचा हात मात्र पहिल्यासारखाच, चार बोटांच्या अंतरावर सरळ ओळ. मी डोळ्याच्या कोपऱ्यातनं बघायची. खोळीखाली तिचं नाक फुलत होतं आणि मानेची शीर टणटण उडत होती.

आणि खरं सांगू? मला मजा येत होती. लाज वाटते सांगायला, पण येत होती. आयुष्यभर मी झेलणारी. त्या दिवशी गाणं माझं होतं, ठेका माझा होता, बारा बायांचे हात माझ्या गळ्यावर चालत होते. पलीकडच्या रानातला चिखल करणारा गडी औत थांबवून ऐकत होता.

पाऊस पडतो, डोंगर दिसंना
बांधावरलं बाळ, रडता थांबंना

"मालू, आज गळा लई गोड लागलाय गं," तानूआत्या वरनं म्हणाली. "काय खाल्लंस?"

"नवऱ्याचं पत्र खाल्लं असंल," सगुणा म्हणाली. सगुणा आमच्यातली फटकळ. सगळ्या हसल्या.

मालूही हसायला गेली. हसता हसता तिला खोकला आला, आणि तो मी गाण्याच्या पुढच्या ओळीनं झाकला. जरा मोठ्यानंच गायले. मोठ्यानं गायलं की ठेका वाढतो, ठेका वाढला की हात वाढतात. हे मला कळत होतं. पण थांबले असते तर खोकला ऐकू आला असता.

अर्धं खाचर झालं तेव्हा ती कुजबुजली, "हळू घे."

मी हळू घेतलं. लगेच आत्याचा आवाज, "का गं मालू, दमलीस?"

"वाढीव," मालू म्हणाली. मी वाढवलं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. भाकरीची वेळ होत आली होती, कारण भाकरीचं फडकं घेऊन बाळाबाई बांधावर आली होती आणि रूपा तिच्या पदराला धरून उभी होती. पोरगीनं लांबून हाक मारली, "आये!" मालूनं मान वर केली. तिचे ओठ जांभळे झाले होते. जांभूळ खाल्ल्यावर होतात तसे. तिनं पोरीकडं हात हलवला, हातात रोपांची पेंडी होती. मी गातच होते. गाण्याच्या मधोमध ती गुडघ्यांवर बसली आणि चिखलात पुढं कलंडली.

तरी माझी ओळ पुरी झाली. गळ्यातनं निघालेली ओळ माघारी कशी घ्यायची? मालू चिखलात पडलेली, आणि तिचा आवाज दोन-तीन शब्द पुढं गेला. बायांनी झेलायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. पावसाचा आणि बाळाबाईच्या ओरडण्याचा असा गलका झाला की तेवढं कुणी ध्यानात धरलं नाही. मी धरलं.

घोंगड्याची झोळी करून चार गड्यांनी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तीन मैल, मधे ओहोळ. मी झोळीला धरून पळत होते. मालूला शुद्ध होती. छाती भात्यासारखी चालली होती आणि घशातनं बुडबुड्यांसारखं वाजत होतं. आडवं केलं की तडफडायची, म्हणून मी तिची मान माझ्या हातावर उचलून धरली होती. ती माझ्याकडं बघत होती. बोलता येत नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टर होता तो पोरगेलासा, नवा आलेला, चांगला होता. लगेच उठला. पत्र्यावर पाऊस असा बडवत होता की तो छातीला नळी लावून डोळे मिटून ऐकायचा आणि मान हलवायचा, त्याला काही उमजत नव्हतं. लाईट गेलेली. खोलीत आम्ही पाच-सहाजणी ओल्या अंगानं उभ्या. तानूआत्या चालत मागनं आली होती. बाळाबाईला कुणीतरी सायकलवर बसवून आणलं होतं.

"काय झालं नक्की?" त्यानं विचारलं.

"लावण करीत हुती सायेब," सगुणा म्हणाली. "गात हुती. गाता गाता पडली."

"गात होत्या? किती वेळ?"

"सकाळधरनं. आमच्यात तीच उचलती."

"मोठ्यानं?"

"पल्याडच्या शिवाराला ऐकाय जात हुतं," आत्या म्हणाली.

डॉक्टर विचारात पडला. "म्हणजे पडेपर्यंत दम चांगला होता. मग अचानक झालंय हे. चिखलात काही चावलं का?" तो सिस्टरला म्हणाला, "पाय धुवा यांचे." सिस्टरनं कंदील धरून पाय धुतले. दोन्ही पाय घोट्यापासनं सुजलेले. त्यानं बोटानं दाबून बघितलं, खळगा पडला.

"हे काय?"

"लावणीत सगळ्याच बायांचे पाय असे होतात सर," सिस्टर म्हणाली. "दिवसभर चिखलात."

तो पुन्हा बाळाबाईकडं वळला. "आजी, यांना आधी कधी धाप लागायची? झोपताना उशी उंच लागायची? काही गोळ्या चालू आहेत?"

"गोळ्या?" बाळाबाई म्हणाली. "माझी सून वाघीण हाय. आजवर तिचं डोस्कंबी दुखलं न्हाई."

म्हातारीचं खोटं नव्हतं. मालू तिच्याआधी उठायची आणि तिच्यानंतर झोपायची, भाताच्या पोत्याला पाठ टेकून, बसल्या बसल्या. म्हातारीला वाटायचं, सून पोत्याची राखण करते.

मग डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. "तुम्ही शेजारी होतात ना यांच्या? तुम्हाला काही जाणवलं? आज किंवा आधी?"

माझा हात चंचीवर होता. कापडातनं गोळ्यांची पट्टी बोटाला लागत होती. मी मालूकडं बघितलं. तिची बुबुळं माझ्यावरच होती. ती नको म्हणत होती का सांग म्हणत होती, हे मला तेव्हा समजलं नाही आणि आजवर समजलेलं नाही. तिच्या पलीकडं तानूआत्या उभी होती, कान टवकारून. मी एवढाच विचार केला, की आता बोलले तर खोटा पैरा उघडा पडणार. मालू दोन दिवसांत उठून घरी येईल आणि तिचं रान मोकळं पडलेलं असेल. तरवा ओहोळात कुजेल. ती म्हणेल, हौसे, एक दिवस गप बसवलं नाही तुला? आणि पोरीची आण होतीच.

"न्हाई," मी म्हटलं. "चांगली गात हुती."

डॉक्टरनं मान हलवली. "नाडी फार बारीक लागतेय, अंग गार पडलंय. सलाईन लावा. जोरात सोडा." सापाचं इंजेक्शन तयार ठेवायला सांगितलं, गाडीसाठी माणूस पिटाळला. ओहोळाला पाणी चढलं होतं, गाडी पलीकडंच अडकली. एक बाटली संपली, दुसरी लावली. त्या पोरानं होतं नव्हतं ते सगळं केलं. दुसरी बाटली अर्ध्यावर आली तेव्हा मालूच्या तोंडातनं तांबूस फेस आला. तिनं माझा हात धरला होता तो सोडला. चार वाजायच्या आत सगळं आटपलं.

बाळाबाई रडली नाही. ती आत्याला म्हणाली, "उद्या रान लावायचं हुतं तिचं."

"लावू," आत्या म्हणाली. "पुऱ्या हातानं लावू. पोरीनं मरंस्तवर पैरा फेडला."

सुतकाचे दिवस गेल्यावर बाया आल्या, सगळ्या, पुरा दिवस. तोवर तरवा पिवळा पडून त्याला वास सुटला होता. तरी लावला. कुणी गायलं नाही. त्या दोन खाचरांत त्या वर्षी भात झाला तो कोंबड्यांना पुरला असेल. ज्याच्यासाठी मी गप बसले ते हे.

गावात मात्र मालूचं नाव झालं. गाता गाता गेली, मरेपर्यंत आवाज खाली आला नाही, असं जो तो सांगायला लागला. शिवाप्पा आला, त्यालाही हेच सांगितलं. तो म्हणाला, "आवाज हुताच तिचा तसा," आणि दोन दिवसांनी परत मागावर गेला. वर्षं गेली तशी गोष्ट वाढत गेली. लावणीत एखादी बाई कंबर धरून उभी राहिली की म्हाताऱ्या म्हणायच्या, "मालू काळीज फाटंस्तवर गायली आन् तुझी कंबर दुखती व्हय गं?" बाई निमूट वाकायची. हे मी चाळीस वर्षं ऐकत आलेय. मी त्यानंतर गायले नाही. झेललंही नाही. नक्कल तर कुणाचीच केली नाही. कुणी विचारलं तर घसा बसतो म्हणायची. पुढं पुढं तो खरंच बसला.

माझी नात नर्सिंग शिकली. तिला एकदा मी बोलता बोलता विचारलं, दुसऱ्याच कुणाचं सांगतेय असं दाखवून, की झडप आवळलेल्या बाईला दम लागला तर सलाईन लावतात का? ती म्हणाली, "आज्जी, छातीत पाणी भरलंय त्याला वरनं पाणी चढवतात का कधी? ते पाणी काढायचं असतं, लघवीचं औषध देऊन. पण डॉक्टरला आधी कुणी सांगायला तर पाहिजे, की हिला हा आजार आहे." तिनं डाळ निवडता निवडता सांगितलं. मी पण डाळच निवडत होते. ज्या गोळीनं ती वाचली असती, ती माझ्या कमरेला होती, आणि मी सगळ्यांसमोर बोलले ते एवढेच चार शब्द.

कोल्हापूरची चिठ्ठी अजून माझ्या ट्रंकेत आहे. तिच्यावर 'ताबडतोब' असं लिहून खाली दोन रेघा मारल्यात. ते मी एसटीतच वाचलं होतं.

हे सगळं मी कुणाला सांगितलं नसतं. पण यंदाच्या लावणीत सांगावं लागलं.

रूपाला बाळाबाईनं गावातच दिलेली, नजरेसमोर राहावी म्हणून. आता तिची चाळिशी उलटून गेली. आई गाणारी म्हणून पोरगीला लहानपणापासनं सगळ्यांनी पुढं घातलं. आता हेळेवाडीच्या लावणीत तीच उचलते. पैऱ्यात आता सातच घरं राहिलीत, पण आहेत. गुडघ्यांमुळं माझ्यानं चिखल होत नाही. मी बांधावर बसते, तानूआत्या बसायची तिथं.

सकाळी रूपा माझ्याजवळ खोळ घ्यायला आली आणि उभ्या उभ्या दम खात राहिली. मी तिच्या पायांकडं बघितलं. चपलेचा पट्टा आत रुतला होता.

"कधीपासनं हाय हे?"

"काय न्हाई मावशी. आशाताई म्हनत्यात रगत कमी हाय, मोठ्या दवाखान्यात चल, छातीची ईसीजीची पट्टी काढू. लावण झाल्यावर जाते."

मी तिचा हात धरला आणि खाली बसवली. सगळं सांगितलं. आवाजाचं, गोळ्यांचं, दवाखान्यातलं. शब्द फुटेल तसं सांगत गेले. ती ऐकत होती आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावर असं हसू आलं, जसं आपण म्हाताऱ्या माणसाला हसतो.

"मावशी, आक्ख्या शिवारानं ऐकलंय माझ्या आईला. मी सोता बांधावर हुते. मला तेवढंच आठवतंय तिचं. ती हात हालवत हुती आन् गात हुती."

"ती न्हवती गं गात. मी गात हुते."

"तू?" ती म्हणाली. राग नव्हता तिच्या बोलण्यात, कीवच होती. "बरं, मग गाऊन दाव की."

मी तोंड उघडलं. पहिलं माझं रोप. चाळीस वर्षांनी. घशातनं निघालं ते दाराची बिजागरी वाजावी तसं काहीतरी. मी खाकरले, पुन्हा लावलं. हवाच निघाली. रूपानं माझ्या पाठीवरनं हात फिरवला.

"ऱ्हाऊ दे. पाणी पी. माझी आई मरंस्तवर गायली, मी काय पाय सुजले म्हनून बसू?"

ती चिखलात उतरली. कुणीतरी "उचला गं" म्हटलं आणि तिनं उचललं. आवाज अगदी मालूचाच. मी मान खाली घालून ऐकत होते. चार ओळी झाल्या, सहा झाल्या. मग मधेच ठेका किंचित अडखळला आणि लगेच सावरला. आवाज पुन्हा चालू झाला, स्वच्छ, गोड. बायांनी झेलला.

मी मान वर केली. त्या आवाजाला वारं कमी पडत नव्हतं. रूपाच्या डाव्या अंगाला सगुणाची सून होती, तिच्या खांद्याला खांदा लावून. रूपाचं तोंड हलत होतं.

मी उठले. हाक मारली, ती मलाच ऐकू आली नाही. काठी टाकली आणि खाचरात पाय घातला. गुडघाभर चिखल. एक पाय काढेस्तोवर दुसरा रुतत होता आणि ओळ मागं मागं सरत लांब चालली होती. मधलं सगळं रान नुकतं लावलेलं. मी त्यातनंच चालले.

"ए म्हातारे," पलीकडनं कुणीतरी ओरडलं, "रोपं तुडवू नगंस. काय सांगायचं ते तिथनंच बोल."